चौकट : फ्लेक्झिबल पाइप आणि अर्थिंग

हा धातूचा लवचीक पाइप कुठे दिसतो? भोसरी, चिंचवडच्या कारखान्यांत कंपन होणाऱ्या मोटरच्या टर्मिनल बॉक्सपर्यंत वायर नेण्याच्या शेवटच्या टप्प्यात. भारतीय मानक : आयएस ३४८०.

अर्थिंग : यंत्राचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडणे. गळती झाली की प्रवाह वाहून फ्यूज उडतो वा एमसीबी ट्रिप होते.

बाँडिंग : जवळजवळचे धातूचे भाग एकमेकांना जोडणे. त्यांच्यात धोकादायक व्होल्टेज-फरक राहत नाही.

वेगळी अर्थ वायर का? गुंडाळलेल्या पत्र्याच्या पाइपचा विद्युत रोध जास्त असतो. कंपनाने पाइपचे टोक पकडणारा ग्लँड सैल होतो, सांधे गंजतात.

नियम काय सांगतात?
- आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ : खास त्यासाठी बनवलेला नसेल, तर असा पाइप संरक्षक वाहक (अर्थ वायरचे काम करणारा) मानत नाहीत.
- अमेरिकी संहिता : मर्यादित सूट. गळती-प्रवाहाच्या परतीच्या मार्गात पाइपची एकूण लांबी १.८ मीटरपर्यंत, संरक्षण २० अँपिअरपर्यंत, इतरही अटी.
- भारत : थ्री-फेज मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या. अर्थिंगची संहिता : आयएस ३०४३.

अर्थ वायरचा आकार (फेज व अर्थ एकाच धातूचे) : फेज १६ चौ. मिमीपर्यंत तेवढाच, १६ ते ३५ पर्यंत १६, पुढे निम्मा.

रंग : हिरवा किंवा हिरवा-पिवळा.

पुण्याची जमीन : मुरुमाखाली बेसॉल्ट. कोरड्या खडकाचा रोध जास्त. त्यामुळे अर्थ पिटमध्ये बेंटोनाइटसारखी ओल धरणारी भर घालतात. रोध उन्हाळ्यात वाढतो, पावसाळ्यात घटतो.

आरसीसीबी (गळती-प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) : माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर. ती अर्थिंगची जागा घेत नाही.