सेलेनियम आणि ‘क’ जीवनसत्त्व

२०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील काही गावांत, माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत पुंजक्या-पुंजक्यांनी गळू लागले. विंचूदंशावरील उपचारांमुळे सर्वांस ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखविले. तेव्हापासून आमच्या सभांतून एक प्रश्न वारंवार येतो: पोळीबरोबर लिंबू खाल्ले तर हे विष मरेल काय? प्रश्न भाबडा वाटतो, पण तसा नाही. त्याच्या मुळाशी खरे रसायनशास्त्र आहे.

सेलेनियम हे मूलद्रव्य स्वीडनच्या बर्झेलियसने १८१७ मध्ये शोधले. पुष्कळ वर्षे ते निव्वळ विषच मानले जाई. १९५७ मध्ये श्वार्ट्झ आणि फोल्ट्झ यांनी दाखवून दिले की, त्याचा लेशमात्र अंश मिळाला तर उंदरांच्या यकृताचा नाश टळतो. अमेरिकेत प्रौढ माणसाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम धरतात आणि ४०० च्या पलीकडे जाऊ नये असे बजावतात. चिमूटभर मिठाच्या सहस्रांशाहूनही कमी असा हा हिशेब आहे!

प्राणवायूच्या वापरातून पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक पदार्थ निपजतात. त्याचे पाणी करून टाकणारे एक विकर आहे, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. त्याच्या गाभ्याशी सेलेनियम असते. ‘क’ जीवनसत्त्वही अशाच घातक पदार्थांशी झुंजते, पण स्वतःला खर्ची घालून. आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकले की ते थकते. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर, पाळी करून दमलेल्या गड्याला पुन्हा साच्यावर उभे करणारे कोणीतरी लागते. ते काम थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाचे विकर करते, आणि त्याचेही सेलेनियमवाचून चालत नाही. मात्र तेच एकटे नव्हे. सेलेनियम नसलेले ग्लुटाथायोनही हा भार उचलते. म्हणून सेलेनियम घटले की ‘क’ लगेच संपले, असे होत नाही.

हे झाले शरीराच्या आतले. शरीराबाहेर या दोघांचे जमत नाही. काही गोळ्यांत सेलेनियम हे सोडियम सेलेनाइटच्या रूपात असते. आम्लात ते ‘क’ जीवनसत्त्वाशी मिसळले की विटकरी लाल साका तळाशी बसतो. हे सुटे झालेले सेलेनियम पाण्यात विरघळत नाही आणि शरीराच्या फारसे उपयोगी पडत नाही. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या दिल्या असतील, तर त्या एकत्र न घेता काही तासांच्या अंतराने घेणे बरे.

आता लिंबाचे. गव्हातील सेलेनियम सेलेनाइट नसते. ते बहुतांशी सेलेनोमेथिओनिन असते, प्रथिनात विणलेले. त्याच्यावर ‘क’ जीवनसत्त्वाची ही मात्रा चालत नाही. आतड्यातून ते सहज आत जाते आणि आपल्या प्रथिनांतही मेथिओनिनच्या जागी ठाण मांडते. लिंबू अवश्य पिळावे, कारण पोळीतले आणि डाळीतले लोह त्याने अधिक अंगी लागते. परंतु सेलेनियम जास्त असेल तर गहूच बदलावा लागतो, आणि गव्हात ते किती आहे हे गृहिणीला रंगावरून किंवा चवीवरून कळण्याची सोय नाही. ते प्रयोगशाळेतच कळते, आणि पोते दुकानात उतरण्यापूर्वी तपासले तरच त्याचा उपयोग.