म्हशीचं दूध, रवी आणि हॉट चॉकलेट

डिसेंबरच्या रात्री विदर्भातल्या दारव्ह्यात थंडी बोचायला लागली की कुठल्यातरी घरात हॉट चॉकलेटची आठवण निघते. फडताळात किंवा फ्रिजच्या दारात उन्हाळ्यापासून पडून असलेली चॉकलेटची वडी बाहेर येते. वेष्टन काढावं तर वर पांढुरका पापुद्रा. "याले त बुरशी आली, फेक," असं घरातलं मोठं माणूस म्हणतं आणि वडी केरात जाते. पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण त्यापायी खायला चांगली असलेली वस्तू वाया जाते.

तो पांढरेपणा बहुतेक वेळा बुरशीचा नसतो. चॉकलेटमधला स्निग्ध पदार्थ म्हणजे कोको बटर. ते साधारण 34 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, म्हणूनच तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर असतो. दुकानाच्या फळीवर वडी दुपारी आतल्या आत मऊ होते आणि रात्री पुन्हा घट्ट होते. या उलाढालीत कोको बटर पृष्ठभागावर येऊन त्याचे स्फटिक जमतात आणि रंग पांढुरका दिसतो. बोटाने हलकेच चोळून पाहा. बोटाच्या उबेने पांढरेपणा गेला तर ते कोको बटर. गेला नाही आणि हाताला खरखर लागली तर बहुधा ती साखर. फ्रिजमधून काढलेल्या वडीवर दमट हवेतलं पाणी जमतं, साखर त्यात विरघळते आणि पाणी उडालं की वर तिचे कण राहतात. दोन्ही प्रकार निरुपद्रवी आहेत. बुरशीला वाढायला पाणी लागतं आणि चॉकलेटमध्ये ते नावापुरतंच असतं. खरी बुरशी लवदार दिसते, तिला कुबट वास येतो. तसा वास असेल किंवा आतले काजू-बदाम खवट झाले असतील तर मात्र वडी टाकूनच द्यावी.

पापुद्रा आलेल्या वडीचा कडकपणा आणि चकाकी गेलेली असते, त्यामुळे ती नुसती खायला मजा येत नाही. दुधात मात्र ती वितळणारच असते, तिथे चकाकीचं काम नाही. विदर्भाचा उन्हाळा सोसलेल्या चॉकलेटचा सगळ्यात चांगला उपयोग हॉट चॉकलेटच आहे.

दुसरा गैरसमज नावाचा आहे. दुधात घालायच्या डब्यातल्या कुठल्याही तपकिरी पावडरीला आपण चॉकलेट म्हणतो. यातले कित्येक डबे माल्टचे असतात, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा अर्क, साखर आणि थोडासा कोको. चव छान लागते, पण ते पेय वेगळं. डब्याच्या मागची घटकांची यादी वाचण्याची एक साधी किल्ली आहे: जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त, त्याचं नाव नियमानुसार आधी येतं. 'ड्रिंकिंग चॉकलेट' लिहिलेल्या डब्यावरही अनेकदा पहिलं नाव साखरेचं सापडतं. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं, कारण 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची व्याख्याच नाही. मुलांच्या अंगी लागावं म्हणून वर्षानुवर्षं हे डबे घेणाऱ्या आयांना हे ठाऊक असायला हवं.

मग खरं हॉट चॉकलेट कोणतं? बरेच जण समजतात की आधी वडी आली आणि मग कुणीतरी ती दुधात वितळवली. इतिहास उलटा आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत हजारो वर्षं चॉकलेट प्यायलंच जात होतं, तेही बहुधा पाण्यातून, कारण दुभती जनावरं तिथे स्पॅनिश लोकांनी नेली. 1828 मध्ये हॉलंडमध्ये व्हॅन हाउटन यांच्या दाबयंत्राला पेटंट मिळालं, कोकोमधलं बरंचसं बटर वेगळं काढता येऊ लागलं आणि मागे उरलेल्या पेंडीची कोको पावडर झाली. खायची वडी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने 1847 मध्ये केली. यावरून दोन पेयं स्पष्ट होतात. पावडरीचा तो कोको, वडीचं ते हॉट चॉकलेट. पावडरीत वास आणि कडवटपणा भरपूर, स्निग्धता कमी. वडीत स्निग्धता जास्त, पण साखरही जास्त. घरी करताना दोन्ही एकत्र घेणं मला सगळ्यात बरं वाटतं.

वडी घेताना एक खबरदारी घ्यावी. केकचं सामान मिळतं त्या दुकानात 'डार्क कंपाउंड' नावाची मोठी लादी स्वस्तात मिळते आणि ती चॉकलेट म्हणूनच घेतली जाते. तिच्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं, बहुतेकदा हायड्रोजनेटेड. केकवर पसरायला ती सोयीची, कारण उन्हात लवकर वितळत नाही. दुधात मात्र तोच गुण आड येतो: वर तेलकट तवंग धरतो आणि टाळूला मेणासारखा थर बसतो. घटकांत 'कोको बटर' हे शब्द शोधा.

आता मलईदारपणाकडे येतो. सगळ्यात जास्त पैसे आपण याच समजुतीपायी घालवतो. समजूत अशी, की हॉटेलसारखं दाट हॉट चॉकलेट हवं तर डब्यातलं क्रीम पाहिजे.

गणित करून पाहू. दोन मोठ्या कपांना 400 मिलिलिटर दूध लागतं. पिशवीतल्या टोन्ड दुधात 3 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे 12 ग्रॅम. म्हशीच्या सुट्या दुधात 7 टक्के धरला तर 28 ग्रॅम. फरक 16 ग्रॅमचा. टोन्ड दुधात हा फरक भरून काढायला 25 टक्के स्निग्धांशाचं विकतचं क्रीम चार मोठे चमचे घालावं लागेल. दुधातून जे काढून घेतलं, तेच आपण वेगळे पैसे मोजून परत टाकतो. शिवाय 40 ग्रॅम डार्क चॉकलेटमधून मिळणारा स्निग्धांश साधारण 12 ते 14 ग्रॅमच असतो. कप मलईदार करण्यात वडीपेक्षा दुधाचा वाटा मोठा आहे.

आणि दुधाच्या बाबतीत आपला भाग कमी नाही. नागपुरी म्हैस ही विदर्भाची स्वतःची जात. हिला एलिचपुरी आणि वऱ्हाडीही म्हणतात. लांब, तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं आणि इथलं ऊन सोसायची ताकद ही तिची ओळख. दूध ती मुऱ्हा म्हशीपेक्षा कमी देते, पण ते दाट असतं. दारव्हा हे कापसाचं गाव. मूर्तिजापूर ते यवतमाळ पूर्वी धावणाऱ्या नॅरोगेज शकुंतला रेल्वेचं दारव्हा मोतीबाग स्टेशन इथलंच, आणि ती लाइन टाकली गेली ती वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत पोचवायला. रुई गाठींतून बाहेर जायची. सरकीचं तेल निघालं की ढेप उरते आणि ती जनावरांपुढे येते. शकुंतला थांबली, ढेपेची रीत चालू आहे. सरकीच्या ढेपेने दुधाला फॅट लागतं, हे गवळी सांगतो ते खरं आहे, कारण ढेपेत प्रथिनांबरोबर थोडं तेलही उरलेलं असतं. कोकोचं झाड दारव्ह्यात जगणार नाही. त्याला केरळ, आंध्र किंवा कर्नाटकातल्या नारळी-पोफळीच्या बागांतली दमट सावली लागते. पण कपातला अर्धा भाग, खरं तर अर्ध्याहून मोठा, इथल्या गोठ्यात तयार होतो.

मग घरचं हॉट चॉकलेट पातळ का लागतं? कारण साय आपण आधीच काढून ठेवलेली असते. तूप करायला साय साठवणं ही चांगली सवय आहे, ती सोडा असं मी म्हणणार नाही. ज्या दिवशी हॉट चॉकलेट करायचं त्या दिवशी मात्र दूध सायीसकट घ्यावं. साय तशीच टाकली तर पापुद्रे तोंडात येतात आणि मुलं कप बाजूला ठेवतात. वाटीत साय आणि साखर चमच्याने घोटून एकजीव करायची, मग दुधात घालायची. पापुद्रे उरत नाहीत.

कॉर्नफ्लोअरबद्दलही असाच गोंधळ आहे. घट्टपणा वेगळा, मलईदारपणा वेगळा. कॉर्नफ्लोअरचा स्टार्च पेय घट्ट करतो, स्निग्धांश ते मऊ करतो. स्पेनमध्ये चुरोस बुडवून खायला करतात त्या चॉकलेटमध्ये बऱ्याचदा स्टार्च असतो, मेक्सिकोतल्या चंपुरादोमध्ये तर मक्याचं पीठच घालतात. आपली ज्वारीची आंबील ज्याने केली आहे त्याला ही युक्ती नवी नाही. हवं असेल तर दोन कपांना एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घाला आणि उकळी येऊ द्या, नाहीतर कच्चट चव राहते. म्हशीचं सायीचं दूध असेल तर त्याची गरज पडत नाही.

कोको पावडर दुधात विरघळते असं समजून आपण ती उकळत्या दुधावर भुरभुरतो आणि गाठी होतात. ती विरघळत नाही, तिचे बारीक कण दुधात तरंगत राहतात. गरम दूध लागताच प्रत्येक गोळ्याच्या बाहेरचा स्टार्च फुगून कवच धरतो आणि आतली पावडर कोरडीच राहते. उपाय बेसन कालवण्याचाच: पावडर आणि साखर कोरडीच एकत्र करायची, चार चमचे गरम पाणी घालून गुळगुळीत पेस्ट करायची, मग दूध. साखरेचे दाणे पावडरीचे कण सुटे ठेवतात.

"चॉकलेटला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका" हा नियम अर्धाच खरा आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडं पाणी गेलं तर साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि त्याचा करकरीत गोळा होतो. भरपूर द्रव घातला तर तोच गोळा सुटतो. किसावर चमचाभर दूध घातल्यावर सगळं आवळलं म्हणून कुणी ते टाकून देऊ नये. आणखी गरम दूध घालत ढवळा, एक-दोन मिनिटांत ते रेशमासारखं होतं.

दूध फाटण्याची भीतीही मोठी. कोकोने ताजं दूध फाटत नाही. साधा कोको किंचित आम्ल असतो खरा, पण दूध नासतं ते आधीच आंबायला लागलेलं असेल तर. सकाळचं न तापवलेलं दूध रात्री वापरलं आणि ते फाटलं, तर दोष दुधाचा आहे. गुळाची गोष्ट निराळी. गुळातला आंबटपणा आणि क्षार मिळून उकळतं दूध फोडू शकतात, गुळाचा चहा करणाऱ्यांना हे माहीत आहे. म्हणून गूळ घालायचा असेल तर आच बंद करून, दूध थोडं निवल्यावर. चिमूटभर मिठानेही दूध फाटत नाही. ते कडवटपणा दाबतं आणि चॉकलेटची चव वर आणतं. दुधात मीठ नको असं ज्यांच्या घरी पाळतात त्यांनी खुशाल वगळावं, वेलची किंवा जायफळ घालावं.

गडद रंगावरून कोकोचा कस ठरवू नये. काही पावडरींवर क्षाराची प्रक्रिया केलेली असते. त्याने आम्लता जाते, रंग काळपट होतो, चव सौम्य होते. फिकट, लालसर पावडर उलट जास्त तीव्र लागू शकते. झोपेचं म्हणाल तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 आणि फिल्टर कॉफीसारख्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफिन धरलं आहे. खाली दिलेल्या प्रमाणाच्या एका कपात ते चहाच्या खालच्या आकड्याच्या आसपास येतं. लहान मुलांना संध्याकाळीच द्यावं, झोपायच्या तोंडावर नको. अंगणातल्या कुत्र्याला मात्र उरलेलं कधीही घालू नका. कोकोमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषासारखं बाधतं.

दोन कपांसाठी म्हशीचं 400 मिलिलिटर सायीचं दूध, दोन मोठे चमचे कोको, दोन मोठे चमचे साखर, 40 ग्रॅम डार्क चॉकलेट किसून. वडी दुधाळ आणि गोड असेल तर साखर एक चमचा पुरे. गंज आधी पाण्याने विसळून घ्या, म्हणजे दूध तळाला लागत नाही. सुटं दूध पूर्ण उकळू द्या, मग आच मंद करून पाच-सात मिनिटं आटवा. कोकोची पेस्ट घालून आणखी दोन मिनिटं. आच बंद केल्यावरच कीस घाला, कारण चॉकलेटला उकळी लागत नाही, उलट ते करपतं.

शेवटी ताक घुसळायची लहान रवी घ्या. मेक्सिकोत याच कामासाठी मोलिनियो नावाची लाकडी घुसळणी आहे, आणि तीही दोन्ही तळहातांत धरून आपल्या रवीसारखीच फिरवतात. मिनिटभर घुसळलं की फेस वर येतो, साय आणि कोको बटर दुधात बारीक विखुरतं, तवंग दिसत नाही. उरलं तर रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते खिरीसारखं घट्ट झालेलं असेल, दोन चमचे दूध घालून मंद आचेवर पुन्हा सैल करून घ्या.