कार्लाइल, १९१२: एका हंगामाचा हिशेब

आज मी तुम्हाला एका फुटबॉल संघाचा एकच हंगाम सांगणार आहे. अमेरिकेतला, १९१२ सालचा. आधी एक स्पष्ट करू या, हा आपण पायानं खेळतो तो फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यांनी तुम्हाला पाडायचं, आणि ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो. शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. आपल्याला एवढं पुरे.

हा संघ होता पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलचा. इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी, आपल्या जुन्या पुस्तकांत ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हटलेलं असायचं ते. रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८७९ साली जुन्या बराकींमध्ये ही शाळा काढली. कशासाठी? तर मुलातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा. हे सूत्र प्रॅटचंच. म्हणजे मुलं दूरदूरच्या वस्त्यांतून आणायची, केस कापायचे, गणवेश चढवायचा, घरची भाषा बोलू द्यायची नाही. खरं तर हे कॉलेजही नव्हतं. थोडं शालेय शिक्षण, बाकी सुतारकाम, शिवणकाम, शेती. पण सामने मात्र मोठमोठ्या विद्यापीठांशी, आणि बहुतेक परगावी, कारण गर्दी तिथे, तिकिटांचे पैसेही तिथे.

आता १९१२च का? जुना फुटबॉल म्हणजे निव्वळ रेटारेटी. मैदानावर मुलं दगावू लागली, तेव्हा १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. १९१२ मध्ये आणखी बदल झाले: दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न, टचडाउनला पाचऐवजी सहा गुण, आणि चेंडू किती लांब फेकायचा यावरची मर्यादा गेली. याचा अर्थ काय, तर नुसत्या वजनाची मक्तेदारी संपली. कार्लाइलची पोरं अंगानं हलकी, पण चपळ. त्यांचा प्रशिक्षक ‘पॉप’ वॉर्नर हा डावपेचांत पक्का मुरलेला. खेळाडू दोन्ही बाजूंना पसरून उभे करायचे, म्हणजे चेंडू नेमका कोण घेऊन पळणार हे समोरच्याला कळत नाही, ही रचना त्यानं याच काळात बसवली. आणि हाताशी कोण होता? जिम थॉर्प. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकून तो परतला होता.

चौदा सामने झाले. बारा जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. सिरॅक्यूजला ३३–०, पिट्सबर्गला ४५–८. पण सगळ्यांच्या लक्षात राहिला तो ९ नोव्हेंबरचा, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीविरुद्धचा. लक्षात घ्या, वूंडेड नीचं हत्याकांड होऊन जेमतेम बावीस वर्षं झाली होती. अमेरिकेच्या सैन्यानं लाकोटांवर, बायकामुलांसकट, गोळ्या चालवल्या होत्या. आणि आता त्याच सैन्याचे भावी अधिकारी समोर. त्यांच्यात एक ड्वाइट आयझेनहॉवरही होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. पहिला टचडाउन लष्कराचा. मध्यंतराला कार्लाइल फक्त एका गुणानं पुढे, ७–६. नंतर मात्र लष्कराला एकही गुण मिळाला नाही, आणि निकाल लागला २७–६. थॉर्पचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच हवं, पण त्या दिवशी त्याच्या नावावर टचडाउन नाही. तीन अलेक्स अर्कासाचे, एक बर्गीचा. मला हे महत्त्वाचं वाटतं. थॉर्पला अडवायला दोघंतिघं धावले की वाट दुसऱ्यासाठी मोकळी व्हायची, तो संघ असा खेळत होता. पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ते ३४–२६ असे हरले. हंगामातला हा एकमेव पराभव.

आता यातून मिळालं कोणाला काय, ते बघू.

जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली की थॉर्प आधी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. हौशी खेळाडूंच्या नियमावर बोट ठेवून दोन्ही पदकं काढून घेतली. गंमत अशी की कार्लाइलमध्ये फुटबॉल खेळाडूंनाही पैसे आणि भेटी दिल्या जात होत्या, त्याबद्दल मात्र पदकं काढणारे गप्प. ते उघड झालं १९१४ मध्ये, आणि तेही विद्यार्थ्यांमुळे. १९१२ च्या संघाचा क्वार्टरबॅक गस वेल्च यानं पुढाकार घेऊन सह्या गोळा केल्या आणि तक्रार थेट वॉशिंग्टनला धाडली. संसदेच्या समितीसमोर खेळाच्या निधीचा कारभार आला, वॉर्नरच्या वागण्याच्या तक्रारी आल्या. शाळेच्या प्रमुखाला जावं लागलं. वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि तिथेही यशस्वी झाला.

शाळा १९१८ मध्ये बंद पडली. थॉर्पचा १९१२ च्या स्पर्धांतला एकमेव विजेता हा मान ऑलिंपिक समितीनं पूर्णपणे परत केला तो जुलै २०२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. कार्लाइलच्या आवारात शाळेत वारलेल्या मुलांची दफनभूमी आहे. २०१७ पासून त्यातल्या काहींचे अवशेष उकरून त्यांच्या त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जात आहेत.