स्वतःचें संकेतस्थळ

संकेतस्थळ म्हटलें कीं, हें एखाद्या निष्णात माणसाचें काम असून त्यासाठीं बराच पैसा मोजावा लागतो, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्याला पत्र नीट लिहितां येतें आणि पाकिटावर पत्ता बिनचूक घालतां येतो, त्याला स्वतःचें साधें संकेतस्थळ उभारण्यास एक-दोन रविवार पुरतात. खरी अडचण पुढची आहे. उभारलेलें संकेतस्थळ उद्यां कोणाच्या हातीं राहणार, याचा विचार आरंभीं फारसा कोणी करीत नाहीं.

संकेतस्थळ म्हणजे मुळांत कांहीं फाइलींचा संच. सदैव चालू असलेल्या व इंटरनेटला जोडलेल्या दूरच्या एका संगणकावर त्या ठेवलेल्या असतात. त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. वाचकानें पत्ता लिहितांच त्याचा ब्राउझर सर्व्हरकडे फाइल मागतो, सर्व्हर तिची नक्कल धाडतो आणि ब्राउझर ती पडद्यावर मांडतो. ही योजना टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत १९८९ ते १९९१ या काळांत सिद्ध केली. १९९३ सालच्या एप्रिलमध्यें संस्थेनें ती सर्वांना विनामूल्य खुली केली. त्या वेळीं लिहिलेलें साधें पान आजच्या ब्राउझरमध्येंही उघडतें, हें नवशिक्यानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पान लिहिण्याच्या या रीतीला एचटीएमएल म्हणतात. नोटपॅडसारख्या साध्या साधनांत मजकूर लिहावयाचा आणि त्याच्या प्रत्येक भागाला कोनाकृति कंसांतील रोमन खुणा लावावयाच्या. मथळ्याला ‘एच-वन’, परिच्छेदाला ‘पी’, दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्याला ‘ए’. भाग सुरू होतो तेथें खूण, आणि संपतो तेथें तीच खूण, मात्र तिच्या आधीं एक तिरकी रेघ. ज्यांनीं कधीं छापखान्याचीं प्रूफें तपासलीं आहेत, त्यांना यांत कांहीं नवल वाटणार नाहीं. अशा आठ-दहा खुणांवर घरगुती संकेतस्थळाचें काम भागतें. पहिल्या पानाच्या फाइलीचें नांव ‘इंडेक्स’ ठेवून टिंबानंतर ‘एचटीएमएल’ हीं अक्षरें लिहावीं, कारण नुसता पत्ता आला असतां बहुतेक सर्व्हर त्याच नांवाची फाइल शोधतात.

मराठी लिहिणाऱ्यानें एका ओळीची विशेष काळजी घ्यावी. पानाच्या आरंभीं, मजकुराची लिपि ‘यूटीएफ-८’ या पद्धतीनें नोंदलेली आहे, असें सांगणारी ओळ घालावी व फाइलही त्याच पद्धतीनें जतन करावी. एरवीं ‘नमस्कार’ या शब्दाच्या जागीं अनोळखी चिन्हांची रांग उमटण्याचा संभव असतो. १९९१ सालीं युनिकोड प्रसिद्ध झालें तेव्हांच त्यांत देवनागरी होती. तरीही आरंभींच्या अनेक मराठी संकेतस्थळांनीं आपापले निराळे फॉण्ट वापरले, आणि वाचकाजवळ तो फॉण्ट नसला कीं सारा मजकूर निरर्थक होई. ती दैना आतां उरलेली नाहीं.

चित्रांच्या बाबतींत मात्र हात आंखडता घ्यावा. यूटीएफ-८ मध्यें देवनागरीचें एकेक चिन्ह ३ बाइट घेतें, तरी ७०० शब्दांचा लेख १५ हजार बाइटांच्या आसपास बसतो. उलट मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र सहज ३० लाख बाइटांचें भरतें, म्हणजे तसल्या २०० लेखांएवढें! चित्र आधीं लहान करावें. मंद जोडणीवर पान उघडण्याची वाट पाहणारा नातलग दुवा देईल.

आतां या फाइली सर्व्हरवर चढवावयाच्या. त्यासाठीं दीर्घकाळ चालत आलेली पद्धति म्हणजे एफटीपी. तिचा पहिला आराखडा १९७१ सालच्या एप्रिलमध्यें अभय भूषण यांनीं लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडींतील हे पदवीधर त्या वेळीं अमेरिकेंत एमआयटी येथें होते. मूळ एफटीपींत परवलीचा शब्द उघडा जातो, म्हणून एसएफटीपी ही सुरक्षित पद्धति वापरावी. फाइलझिला या मोफत साधनांत डावीकडे घरचा संगणक व उजवीकडे सर्व्हर दिसतो. डावीकडची फाइल उजवीकडे ओढली कीं झालें.

येथें दोन चुका नेहमीं होतात. विंडोज सामान्यतः फाइलीच्या नांवांतील लहान व मोठ्या रोमन अक्षरांत भेद करीत नाहीं. लिनक्सवर चालणारे सर्व्हर करतात. त्यामुळें घरीं दिसणारें चित्र तेथें नाहींसें होतें. सर्व नांवें लहान अक्षरांत व मोकळी जागा न सोडतां लिहावीं. दुसरी चूक म्हणजे चित्राचा पत्ता घरच्याच संगणकावरचा देणें. कर्त्याला तें छान दिसतें. पुण्यांतल्या भाच्याला मात्र रिकामी चौकट. दुसऱ्याच्या मोबाइलवर पान उघडून पाहिल्यावांचून काम झालें असें समजूं नये.

जागा फुकट घ्यावी कीं भाड्यानें? फुकट घेण्यास हरकत नाहीं, पण जिओसिटीजची हकीकत आठवावी. १९९४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या या संस्थेनें लोकांना विनामूल्य जागा दिली आणि तिचे ‘एथेन्स’, ‘हॉलीवुड’ असे मोहल्ले पाडले. लक्षावधि लोकांनीं तेथें आपल्या घरांचीं, छंदांचीं, गेलेल्या आप्तांचीं पानें मांडलीं. १९९९ सालीं याहूनें ती विकत घेतली आणि २००९ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील सेवा बंद केली. स्वयंसेवकांनीं धांवपळ करून बरींच पानें उतरवून घेतलीं. पण ज्यांनीं स्वतःजवळ नक्कल ठेवली नव्हती, त्यांना दुसऱ्याच्या संग्रहांत शोध घेण्यावांचून गति राहिली नाहीं. फाइली घरीं असल्या, तर जागा बदलणें हें एका दुपारचें काम असतें.

पत्त्याचें नांव मात्र पैसे देऊन, स्वतःच्या नांवावर घ्यावें. मग सर्व्हर बदलला तरी पत्ता बदलत नाहीं. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हें देवनागरी नांवही मिळतें. संकेतस्थळ बांधून देणाऱ्या माणसानें तें नांव त्याच्याच खात्यावर नोंदलें असल्यास पुढें वाद उद्भवतो. हें आधींच पाहून घ्यावें. नांव ठराविक मुदतीपुरतेंच मिळतें आणि तें चुकलें तर दुसरा कोणी घेऊं शकतो. सूचना ई-मेलनें येतात, म्हणून तेथें नोकरीच्या कचेरीचा ई-मेल देऊं नये. नूतनीकरणाची तारीख, खात्याचा तपशील आणि फाइलींची नक्कल कोठें आहे, हें एका कागदावर लिहून विम्याच्या कागदपत्रांसमवेत ठेवावें, आणि तो कागद तेथें असल्याचें घरांतील आणखी एका माणसाला सांगून ठेवावें.