काडतुसाची पितळी पुंगळी

काडतूस म्हटलें म्हणजे आपल्या मनांत प्रथम गोळीच येते. वास्तविक काडतुसाचे भाग चार : पुढें गोळी, तिच्यामागें दारू, बुडाशीं ठिणगी पाडणारी लहानशी टोपी, आणि या तिहींना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. गोळी लक्ष्याकडे जाते, दारू जळून वायुरूप होते. मागें उरते ती पुंगळीच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणींत आपल्या कोंकणांतले तरुण पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. त्यांना ती परिचयाची आहे. एन. सी. सी.तील विद्यार्थ्यांनाही ठाऊक असेल कीं, नेमबाजीचा सराव संपतांच रिकाम्या पुंगळ्या वेंचून, मोजून परत द्याव्या लागतात.

ही पुंगळी आपल्या महाराष्ट्रांतच होते. पुण्याजवळील खडकी हें गांव ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळें इतिहासांत आपण वाचतों. त्याच खडकीस १८६९ सालीं सरकारनें काडतुसांचा कारखाना घातला. त्यापूर्वी बारा वर्षें, १८५७ सालीं, ज्या काडतुसांनीं सारा उत्तर हिंदुस्थान पेटला तीं कागदाचीं होतीं. शिपायास तीं दांतांनीं तोडावीं लागत. पुढें पातळ पितळी पत्रा गुंडाळून पुंगळी करूं लागले. पण तीहि पूर्णपणें विश्वासाची ठरली नाहीं. १८८४-८५ च्या सुदानच्या मोहिमेंत इंग्रज सैनिकांच्या बंदुकींत अशा पुंगळ्या ऐन लढाईंत अडकून बसल्या, आणि अडकलेली बंदूक म्हणजे हातांत नुसती काठीच. म्हणून एकाच तुकड्यांतून, सांधा न ठेवतां, पुंगळी ओढून काढण्याची रीत सार्वत्रिक झाली.

ती रीत पाहण्यासारखी आहे. शंभर भागांत सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त असें पितळ घेतात. त्याच्या जाड पट्टींतून वाटोळी चकती कापून तिची प्रथम एक वाटी करतात. ही वाटी पोलादी साच्यांतून दट्ट्यानें पुनःपुनः दाबून ओढली म्हणजे ती प्रत्येक वेळीं अधिक उंच व पातळ होत जाते. बूड मात्र जाड राहतें. पण पितळ ठोकलें वा ओढलें कीं कडक होतें, आणि तसेंच पुढें ओढलें तर फाटतें. पुण्याच्या तांबट आळींत हंडा घडविणारा कारागीर मधूनमधून तो भट्टींत तापवून मऊ करून घेतो. खडकीच्या यंत्रांची युक्ति मुळांत तीच. दोन ओढींच्या मध्यें पुंगळ्या तापवावयाच्या, तेजाबानें धुवावयाच्या, पुन्हां ओढावयाच्या. शेवटीं बूड जोरानें दाबून टोपीची खांच पाडतात, त्यावर अक्षरें उमटवितात, आणि तोंड निमुळतें करतात. हें तोंडहि पुन्हां वेगळें तापवितात. लष्करी काडतुसांच्या तोंडाजवळ पुष्कळदां जी निळसर झांक दिसते ती या तापविण्याची खूण होय.

एवढा खटाटोप पितळासाठींच कां? दारू पेटतांच आंत दर चौरस इंचास पन्नास हजार पौंडांच्या घरांत दाब उत्पन्न होतो. त्या क्षणीं पुंगळी फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते व वायूला मागें येऊं देत नाहीं. आणि दाब उतरतांच किंचित् आकसून सुटी होते. फुगणें आणि आकसणें हे दोन्ही गुण पितळांत उत्तम रीतीनें एकत्र आले आहेत. रशियांत काटकसरीसाठीं पोलादी पुंगळ्याहि पुष्कळ करतात, पण त्यांस गंजापासून जपावें लागतें.

पितळासहि शत्रु आहेच, आणि तो ओळखला गेला तो आपल्याच देशाच्या पावसाळ्यांत. पूर्वी इंग्रजी सैन्यांत पावसाळ्याच्या दिवसांत काडतुसें घोड्यांच्या पागांत ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावें तों चांगल्या दिसणाऱ्या पुंगळ्यांना उभ्या चिरा पडलेल्या! अशी चिरलेली पुंगळी उडविली तर तप्त वायु मागें फिरून नेमबाजाच्या डोळ्यांवर येण्याचें भय. ऋतूमुळें होणारी म्हणून या चिरेस इंग्रजींत नांवहि ऋतूचेंच पडलें. खरें कारण १९२१ सालीं इंग्लंडांतील धातुशास्त्रज्ञांनीं उलगडलें. गोठ्यांत शिरतांच नाकाला झोंबणारा जो उग्र दर्प असतो, तो मूत्रापासून सुटणाऱ्या अमोनिया वायूचा. ओलसर हवेंत हा वायु पितळास लागला, आणि ओढतांना पितळांत राहिलेला ताण तापवून काढलेला नसला, म्हणजे धातु आपण होऊन चिरते. सबब, तोंड तापविणें ही शोभा नव्हे, तो विमा आहे. मालवणच्या दमट हवेंत राहणाऱ्यांस हें समजावून सांगावयास नको.

१९६२ च्या चीनच्या युद्धानंतर खडकी एकटी पुरेना. १९६४ सालीं जळगांव जिल्ह्यांत, भुसावळजवळ वरणगांव येथें दुसरा मोठा कारखाना निघाला. धातुकामासाठीं अंबरनाथ, दारू व स्फोटक द्रव्यांसाठीं भंडाऱ्याजवळील जवाहरनगर, हीं याच कुटुंबांतलीं. दारूचें काम किती जोखमीचें आहे हें २४ जानेवारी २०२५ रोजीं जवाहरनगरास झालेल्या स्फोटानें दाखविलें. त्यांत कामगारांचे प्राण गेले. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे सारे कारखाने सरकारी कंपन्यांच्या स्वाधीन झाले असून खडकी व वरणगांव 'म्युनिशन्स इंडिया'कडे आहेत. अमेरिकेंत हेंच काम मिसूरी प्रांतांतील लेक सिटी येथें १९४१ पासून चाललें आहे.

पुंगळीचा आकार मात्र लहान लहान होत गेला. जुन्या थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, नंतरच्या ७.६२ च्या रायफलीची ५१, आणि इन्सास रायफलीची अवघी ४५.

पुंगळी कोठली, हें तिचें बूड सांगतें. इंग्रजी अमदानींत खडकीच्या पुंगळीवर 'के' व 'एफ' या अक्षरांमध्यें सरकारी बाण असे. 'ओ एफ व्ही' म्हणजे वरणगांव, 'एल सी' म्हणजे लेक सिटी. जवळ बहुधा सालाचे आंकडेहि असतात. पण टोपीवर चापाच्या टोंच्याची खळी नसेल व पुढें गोळी कायम असेल, तर तें काडतूस जिवंत आहे असें समजावें. तें हाताळूं नये, पोलिसांस कळवावें. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून असें एक काडतूस बाळगणें हाहि गुन्हा आहे.