कपटपूर्ण हस्तांतरण

धनकोंची अथवा सरकारी करांची वसुली टाळण्याच्या हेतूने ऋणकोने आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे म्हणजे कपटपूर्ण हस्तांतरण होय. →दिवाळखोरीचा अर्ज करण्यापूर्वी घर पत्नीस बक्षीसपत्राने देणे, आप्तांकडून खोटे कर्ज घेतल्याचे दाखवून त्यांना गहाणखत लिहून देणे, धंद्याची आवक परक्या नावाच्या खात्यात वळविणे, ही त्याची नेहमीची रूपे होत. कागदोपत्री ऋणको निष्कांचन होतो. उपभोग मात्र पूर्ववत चालू राहतो.

यासंबंधीच्या कायद्याचा उगम इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या कारकीर्दीतील १५७१ च्या अधिनियमात आढळतो. त्याचा अर्थ लावणारा ट्वाइनचा खटला (१६०१-०२) प्रसिद्ध आहे. पीअर्स नावाचा ऋणको ट्वाइनचे ४०० पौंड व दुसऱ्या एका धनकोचे २०० पौंड देणे लागत होता. दुसऱ्याने दावा लावल्यावर पीअर्सने आपली सुमारे ३०० पौंडांची सर्व जंगम मालमत्ता गुप्तपणे ट्वाइनला लिहून दिली. पण ताबा स्वतःकडेच ठेवला, काही मेंढ्या विकल्या, इतरांची लोकर कातरली व त्यांवर आपलीच खूण उमटविली. ट्वाइनचे कर्ज खरे असूनही न्यायालयाने व्यवहार कपटाचा ठरविला. मनातील हेतू दिसत नाही, म्हणून त्याच्या बाह्य खुणा पाहण्यात आल्या : अंगावरचे कपडेही न वगळता सर्वस्व देणे, दावा चालू असताना देणे, गुप्तता आणि दात्याकडेच राहिलेला ताबा. व्यवहार प्रामाणिकपणे केल्याचे दस्तऐवजात आवर्जून नमूद केले होते. तेही संशयास्पदच मानले गेले, व ते यथार्थ होते.

भारतात स्थावर मालमत्तेचे असे हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ अन्वये नाडलेल्या धनकोस रद्द करवून घेता येते. सद्‌भावनेने, मोबदला देऊन घेणाऱ्याचे हक्क मात्र अबाधित राहतात. एका खऱ्या धनकोचे देणे इतरांआधी फेडले, एवढ्यावरून या कलमाखाली कपट सिद्ध होत नाही. नादारीचा कायदा याहून कडक आहे. प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० नुसार एखाद्या धनकोस झुकते माप देण्यासाठी अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत केलेले हस्तांतरण टिकत नाही. कंपन्यांच्या बाबतीत २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने अशा पक्षपाताची मुदत आप्तसंबंधितांसाठी दोन वर्षे व इतरांसाठी एक वर्ष ठेवली आहे.

दिवाळे काढले की करही बुडविता येतो, हा समज चुकीचा आहे. १९२० च्या अधिनियमाच्या कलम ४४ नुसार ऋणमुक्तीचा आदेश मिळाला, तरी शासनाचे देणे आणि कपटाने केलेले कर्ज यांतून नादाराची सुटका होत नाही.