मोठ्याचे मटण आणि बंद खिडकी

आमचा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. महापालिकेच्या शाळेत शिकून, शिष्यवृत्तीच्या बळावर तो तिथवर पोचला याचा आम्हाला अभिमान आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. आमच्या रक्तदाबाची खबर त्याच्या आईने त्याच्यापर्यंत पोचवली होती. तो म्हणाला, 'मामा, गोळ्या घ्याच, पण मी करतो तेही एकदा करून बघा. आठवडाभर डोके तापलेले असते. शनिवारी रात्री बायसनच्या मांसाचा जाड तुकडा मसाला लावून ठेवतो आणि रविवारी तव्यावर भाजतो. तेवढा वेळ फोन बंद. सोमवारी पुन्हा माणूस होऊन कामावर जातो.'

चळवळीतला माणूस ताण घेऊनच जगतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी बैठक, रात्री कुणाच्या तरी पोलीस ठाण्यातल्या प्रकरणासाठी धावाधाव. त्यात आता इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा. डॉक्टर सांगतात ताण कमी करा. कुठून कमी करायचा ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून भाच्याचे ऐकायचे ठरवले.

पण बायसन आणायचा कुठून? आपल्याकडे त्याचा भाऊबंद म्हणजे गवा. दाजीपूर-राधानगरीचे जंगल त्याच्यासाठी राखलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये एक गवा वाट चुकून पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरला. बघ्यांच्या गर्दीने त्याला एवढे पळवले की पकडल्यानंतर तो बिचारा मेला. तेव्हा गव्याचे नाव नको. आमच्या हाती राहिला तो रेडा, म्हणजे आमच्या वस्तीच्या भाषेत 'मोठ्याचे'.

हा शब्द आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. बकऱ्याचे ते छोट्याचे आणि हे मोठ्याचे. लहानपणी आई पैसे हातावर ठेवून कानात सांगायची, 'मोठ्याचं आण, आणि पिशवी आतून कागदाची घे.' तो कागद रक्त गळू नये म्हणून नव्हता, पिशवीत काय आहे ते जिन्यात कुणाला दिसू नये म्हणून होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आम्ही शीव कोळीवाड्यात राहतो. रेल्वेने स्टेशनचे नाव बदलून गुरु तेग बहादूर नगर केले, तरी जुनी माणसे अजून कोळीवाडाच म्हणतात. मूळ वस्ती कोळ्यांची. फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित आले, पुढे दुष्काळाने आणि जातीच्या जाचाने गाव सोडलेली आमच्यासारखी माणसे आसपास विसावली. बेसनात घोळवून तळलेल्या ज्या कोळंबीला देशभरच्या हॉटेलांत 'कोळीवाडा' म्हणतात, ते नाव याच वस्तीचे. इथे बोंबील तळले की तीन इमारतींना कळते. सुकट भाजली तर रस्त्यावरचा माणूस नाक वर करून हसतो. वासाबद्दल कुणाची तक्रार नाही. अशा या कोळीवाड्यात आमच्या घरी मोठ्याचे शिजायला लागले की आई आधी उठून खिडकी लावायची.

आता पाककृती. या पानावर पाककृती येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण स्वयंपाक हे बाईचे काम ही मनूची शिकवण आहे आणि ती मोडायला आमच्या घरात रविवारशिवाय वार सापडत नाही.

खाटीक ज्याला अंडरकट म्हणतात तो कण्याच्या आतल्या बाजूचा नरम भाग मागावा. रेड्याचे मांस गडद लाल असते आणि त्याची चरबी पांढरी असते. दोन बोटे जाडीचे तुकडे करून घ्यावेत. आले, लसूण, भरडलेली मिरी, मीठ, लिंबू, दोन चमचे तेल आणि सालीसकट किसलेली कच्ची पपई एक लहान चमचा. पपईतला पाचक रस मांसाचे तंतू सोडवतो, पण हात सैल सोडला तर लगदा होतो. अंडरकटला तासभर पुरे. मांडीचे मांस असेल तर चार-पाच तास लागतात. रात्रभर ठेवायचे असेल तर पपई घालू नये, दही लावावे. पहिल्या वेळी आम्ही उत्साहात पपई जास्त घातली आणि तव्यावर खिमा झाला. घरच्यांनी तोही भाकरीबरोबर संपवला.

हात कोपरापर्यंत मसाल्यात असले की फोन उचलता येत नाही. दोनदा वाजला, तीनदा वाजला, गप्प झाला. आमच्या मते अर्धे औषध इथेच आहे. उरलेले अर्धे तव्यात. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा. तुकडा कापडाने कोरडा करायचा, नाहीतर तो भाजण्याऐवजी आपल्याच पाण्यात उकडतो. एकेक बाजू तीन-चार मिनिटे अजिबात न हलवता. ज्याला हलवल्याशिवाय राहवत नाही त्याला स्वस्थ बसायचे शिक्षण इथे फुकट मिळते. आत लाल ठेवण्याची तिकडची रीत आमच्या घरी चालत नाही. आम्ही आच मंद करून झाकण ठेवतो आणि पूर्ण शिजवतो. मग पाच मिनिटे ताटात तसेच झाकून ठेवायचे आणि तंतूंच्या आडवे कापायचे. सोबत ज्वारीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा.

एवढे सगळे करताना आमचा रक्तदाब उतरला असेलच. पण खिडकी बंद होती. घरात धूर कोंडला, डोळे चुरचुरले, आणि आमच्या लक्षात आले की आई जाऊन इतकी वर्षे झाली तरी तिची खिडकी आम्हीच लावली आहे. ताण उतरवायला बसलेला माणूस आधी कडी लावतो!

कशाची भीती? कायदा पाहा. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा १९७६ चा. त्याची दुरुस्ती मार्च २०१५ पासून लागू झाली आणि गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा ५ वर्षांपर्यंत. म्हैस आणि रेडा या बंदीच्या बाहेर आहेत. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाने आपल्या घरात काय खावे हा त्याच्या खासगीपणाचा हक्क आहे असे न्यायालयाने मानले. म्हणजे आमचा तवा शंभर टक्के कायदेशीर आहे.

पण आगगाडीच्या डब्यात कायद्याचे पुस्तक कोण वाचतो? ऑगस्ट २०२४ मध्ये जळगावहून कल्याणला लेकीकडे निघालेल्या ७२ वर्षांच्या वृद्धाला धुळे-मुंबई गाडीत इगतपुरीजवळ तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. त्यांच्याजवळच्या डब्यांत मांस होते. म्हशीचे आहे असे ते सांगत होते. लेकीसाठी बाप डबा नेतो, यात विचारण्यासारखे काय होते? ते मुसलमान होते, आम्ही बौद्ध आहोत. पिशवीच्या आतला कागद मात्र दोघांचा सारखाच आहे.

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतील, बाबासाहेबांनीच सोडायला सांगितले ना? बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस. गावाने ओढून टाकायला लावलेले, मजुरी म्हणून अंगावर फेकलेले. ते सोडणे म्हणजे गुलामी सोडणे होते आणि आमच्या आजोबांच्या पिढीने उपास काढून ते सोडले. स्वतःच्या घामाच्या पैशाने बाजारातून आणलेल्या ताज्या मांसाशी त्याची गल्लत करू नये. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तर बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळच गोमांस खाण्याच्या प्रश्नात शोधले आणि एके काळी ते खाणारे ब्राह्मण ते का सोडते झाले याचीही चिकित्सा केली. धम्माचे म्हणाल तर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. ज्याला पटेल त्याने मांस सोडावे. आमची मुलगी खात नाही, तिच्यासाठी त्याच तव्यावर आधी वांगे भाजतो. सोडणे आणि लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाच्याच्या बायसनचीही अशीच कथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या माळरानांवर ते कोट्यवधी होते. शतक संपता संपता हजारभरही उरले नाहीत. कातड्याच्या व्यापाराने मारले हे खरेच. पण त्या जनावरावर जगणाऱ्या आदिवासी जमाती उपासमारीने गुडघ्यावर येतील हा हिशेब तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांना कळत होता आणि हवाही होता. आज त्याच जमाती आपल्या जमिनीवर बायसनचे कळप पुन्हा वाढवत आहेत. १९९२ मध्ये त्यासाठी त्यांनी आपली संघटनाही उभी केली. भाचा हे सांगताना म्हणाला, 'मामा, इथे दुकानात पाकिटावर जनावराचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते.' आम्ही काही बोललो नाही.

गेल्या रविवारी आम्ही खिडकी उघडली. कडी गंजलेली होती, तव्याच्या सांडशीने ठोकावी लागली. पहिला तुकडा तव्यावर पडला, वास गॅलरीत गेला आणि शेजारच्या कोळीण काकू बाहेर आल्या. तीस वर्षांचा शेजार आहे, त्यांच्या घरचे ताजे बोंबील आमच्याकडे येतात. म्हणाल्या, 'भाऊ, आज काय शिजवताय? झकास वास सुटलाय.'

बाबासाहेबांचे ग्रंथ वाचलेले, वीस वर्षे सभांत भाषणे केलेले आम्ही. तोंडातून शब्द निघाला, 'मटण.'

'कसलं?' हे त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. त्या रात्री गोळी घेऊनही झोप लागली नाही. आमच्याकडचा हा पेपर रोज दुपारी वाचून झाला की काकूंकडे जातो. आजही जाईल.